यमुनाअक्का आणि माझा अंगठा

जळगाव स्टेशनावर एक हमाल डोक्यावर ट्रंका घेऊन फलाटाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे निघाला होता आणि त्याच्या मागोमाग, सुती पातळ नेसलेल्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या एक बाई चालल्या होत्या. ट्रंका बाईंच्या नव्हत्या. हमाल वळला की बाई वळत, तो थबकला की बाई थबकत, आणि त्यांची नजर सारखी त्याच्या गुडघ्याखाली. शेवटी त्याला राहवेना. ट्रंका उतरवून तो म्हणाला, "बाई, काही हरवलं का तुमचं?"

"नाही भाऊ," बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमची पोटरी बघत होते."

मी त्यांच्याबरोबरच होतो, त्यांचाच एक रोगी. मी दोन पावलं बाजूला सरलो आणि गाड्यांच्या वेळापत्रकाच्या फळीत फार रस असल्यासारखं दाखवू लागलो. आमचं घर मूळचं राजस्थानातलं, तीन पिढ्यांपासून बोदवडला कापसाचा व्यापार. अशा घरातल्या तरुण मुलानं भर स्टेशनात परक्या माणसाची पोटरी न्याहाळणाऱ्या बाईंच्या सोबत दिसणं बरं नव्हे. पण अक्कांना त्याचं काही नव्हतं. त्या हमालाला समजावून सांगत होत्या, "ओझं डोक्यावर असतं असं वाटतं तुम्हाला. पण दर पावलाला ते सगळं, तुमच्यासकट, टाचेवरून वर उचलतं कोण? ही पोटरी. दिवसभर. आणि रात्री हिला कुणी विचारत नाही." हमालानं खाली वाकून स्वतःच्या पोटरीकडे पाहिलं. मला वाटतं, जन्मात पहिल्यांदाच पाहिलं असावं. मग त्यानं ती हळूच चोळली, ट्रंका उचलल्या आणि तो पुढे गेला, जरा जपूनच चालत.

यमुना देवरे धुळ्याच्या एका इस्पितळात व्यायामोपचार करायच्या. डॉक्टर मंडळी त्यांना देवरेबाई म्हणत, रोगी आणि रोग्यांचे नातेवाईक अक्का. गाव नरडाण्याजवळचं, शिक्षण मुंबईचं. मुंबईत राहिल्या असत्या तर चांगलं चाललं असतं, पण शिकून झाल्यावर त्या सरळ धुळ्याला आल्या. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. इस्पितळाच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली होती. भिंतीला लाकडी दांड्या, छताला कप्प्या, कोपऱ्यात वितळलेल्या मेणाचं भांडं आणि स्नायूला विजेचा हलका झटका देऊन जागं करायची एक पेटी. त्या खोलीत अक्कांचं राज्य होतं. पोलिओनं पाय गेलेली मुलं, अर्धांगवायू झालेली म्हातारी माणसं, यंत्रात हात सापडलेले कामगार, सगळे तिथे. खेड्यातून आलेल्यांशी अक्का अहिराणीत बोलत, डॉक्टरांशी पुस्तकी मराठीत आणि माझ्याशी दोन्हीच्या मधलं काहीतरी.

मी तिथे पोचलो त्याची गोष्ट अशी. सहासष्ट सालच्या हंगामात जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गठाणींच्या थप्पीवरून मी पडलो. उजव्या दंडाचं हाड मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, घरात पेढे वाटले. आणि मग लक्षात आलं की मनगट उचलत नाही. हात पुढे केला की पंजा खाली लोंबायचा. बोटं मिटता येत, पण उघडता येत नसत आणि अंगठा तळहाताला चिकटून पडलेला असे.

हे कुणाच्याही बाबतीत वाईटच. पण माझ्या बाबतीत ते काय होतं ते सांगायला हवं. कापूस पारखणारा माणूस गाडीतून चिमूटभर कापूस उचलतो, सरकी बाजूला करतो, आणि राहिलेला पुंजका दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरून ओढतो. सोडतो, पुन्हा धरतो, पुन्हा ओढतो. असं करता करता धागे सरळ एका ओळीत येतात आणि धाग्याची लांबी डोळ्यांना दिसते, ताकद बोटांना कळते. त्यावर गाडीचा भाव ठरतो. बाबूजींनी मला हे शिकवलं होतं आणि ते मला त्यांच्यापेक्षा चांगलं येत होतं. हे मी नव्हे, बाबूजीच बाजारात सांगत. मला दुसरं काहीही येत नव्हतं. हिशेबात मी कच्चा, बोलण्यात त्याहून कच्चा. माझ्याजवळ जे काही होतं ते या अंगठ्याच्या टोकाशी होतं, आणि तो अंगठा आता उठत नव्हता.

अक्कांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडाकडे पाहिलंच नाही. आधी स्वतःचे तळहात एकमेकांवर घासून ऊन केले. गार हात लागला की स्नायू अंग चोरतो, असं त्यांचं म्हणणं. मग कोपराखाली माझा हात धरला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मनगट वर कर." काही हललं नाही. "पुन्हा. जोर लावू नको, नुसतं मनात आण." मी मनात आणलं. त्यांची बोटं माझ्या कातडीवर अशी ठेवलेली होती, जशी आई झोपलेल्या मुलाचा श्वास बघते. बराच वेळ गेला. मग त्यांनी डोळे उघडले.

"स्नायू मेलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "दंडाच्या हाडाला वळसा घालून एक नस खाली येते, ती दुखावलीय. त्यामुळे निरोप पोचत नाही. नस हळूहळू वाढते. वाट बघू."

माझी आई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "बाई, याच्या मुठीतही जोर राहिला नाही. मूठ वळणारे स्नायूसुद्धा गेले का?" अक्का हसल्या. "मांजी, तुम्ही स्वतः मनगट आतल्या बाजूला पूर्ण दुमडा. आता मूठ वळा घट्ट." आईनं वळून पाहिली. वळेना. बोटं अर्ध्यातच अडकली. मीही डाव्या हातानं करून पाहिलं, तेच. "मूठ वळणारे पुढच्या बाजूला आहेत," अक्का म्हणाल्या, "पण मागच्यांनी मनगट उचलून धरल्याशिवाय पुढच्यांना जोर सापडत नाही. तुम्ही पोळी लाटता, कळशी उचलता, तेव्हा दिसतात पुढचे. मागचे नुसते धरून उभे असतात." आईनं किती तरी वेळ मनगट दुमडून-उघडून पाहिलं. परतीच्या प्रवासात एसटीतही तिचं तेच चाललं होतं.

नस वाढते की नाही ते बघायला मी वरचेवर धुळ्याला जात राहिलो. त्या काळात माझ्या हातात काही बदल झाला नाही, पण मी माणसांकडे बघायचो त्यात मात्र झाला. "कोण करतंय ते बघ" हे अक्कांचं पालुपद. कुणी उकिडवा बसलेला उठला की, "कोण करतंय ते बघ." पंक्तीत कुणी घास चावत असला की कानशिलाकडे बोट दाखवून, "बघ, जबडा खाली आणि ओढणारा वर." एकदा खोलीबाहेर एक शिपाई नुसता उभा होता. मी म्हटलं, "अक्का, हा तर काहीच करत नाही." त्या म्हणाल्या, "नुसतं उभं राहणं असं काही नसतंच. तो सारखा पडायला निघालाय आणि त्याचे स्नायू त्याला सारखे पडू देत नाहीत. त्याला पत्ता नाही, एवढंच." त्या दिवसापासून मला कुणीही नुसतं उभं असलेलं दिसलेलं नाही.

श्वासाच्या पडद्याबद्दल बोलताना तर त्यांचा आवाज खाली यायचा. "छाती आणि पोट यांच्या मध्ये आडवा पसरलेला आहे. हातापायाच्या स्नायूंच्याच जातीचा. तू सांगितलंस तर तो थांबतो, थोडा वेळ. मग तुझं ऐकत नाही, कारण त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तू झोपलास तरी तो झोपत नाही." थंडीत कुडकुडणारं पोर दिसलं की म्हणायच्या, "शेकोटी पेटवलीय त्यानं. स्नायू हलवून ऊब करतोय."

माझा धंदा कळल्यावर त्यांना भलताच आनंद झाला. "मग तुला सांगणं सोपं," म्हणाल्या. "स्नायू म्हणजे जुडीत जुडी. बाहेरून एक पातळ वेष्टन. आत जुड्या, त्यांना आपापलं वेष्टन. त्या जुडीत केसाहून बारीक तंतू. आणि त्या एकेका तंतूच्या आत आणखी बारीक धागे, एक जाड, एक पातळ, एक जाड, एक पातळ, ओळीनं." मी विचारलं, "मग हे धागे आखडतात?" कापसाचा माणूस मी, धागा ताणला की तुटतो आणि सोडला की वेडावाकडा होतो, इतकंच मला ठाऊक. अक्कांनी दोन्ही हातांची बोटं समोरासमोर धरली आणि एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांच्या फटींत सरकवत नेली. बोटं होती तेवढीच राहिली, पण दोन्ही तळहात जवळ आले. "धागे आखूड होत नाहीत," त्या म्हणाल्या. "एकमेकांत सरकतात. सगळे एकदम. म्हणून स्नायू आखूड होतो आणि हाड ओढलं जातं. तू पापणी मिटतोस तेव्हा आत असले किती धागे सरकले असतील, ते मोजायला कुणी बसलेलं नाही." मी माझी बोटं तशीच सरकवून पाहिली, उजवा पंजा टेबलावर टेकवून, डाव्या हातानं. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

आणि एक गोष्ट त्या प्रत्येकाला सांगत. माझ्यासमोर एका शिंदखेड्याकडच्या म्हातारीला सांगताना ऐकली, तिचा एक हात अर्धांगवायूनं आखडला होता. "माय, स्नायूले ढकलता येत नही. तो फक्त वढस. आनि मंग सोडस. सोडनं बी कामच शे." म्हातारीला ते पटलं नाही. म्हणाली, "मी रोज दार ढकलस, ते कोन करस?" अक्कांनी तिचा चांगला हात धरून दंडाच्या मागचा भाग तिला चाचपायला लावला. "हाऊ मांगून वढस, म्हनीसन हात पुढे जास. ढकललं ते दारले वाटस." म्हातारी तोंडाला पदर लावून हसत सुटली. मला मात्र रात्रभर, म्हणजे खरोखर झोप येईपर्यंत, तेच सुचत होतं. अंगात सगळं ओढणंच आहे. एकानं ओढायचं तर समोरच्यानं सोडायचं. दोघांनीही हट्ट धरला तर हात जागचा हलत नाही.

वर्ष झालं. नस आली नाही. मुंबईहून एक सर्जन अधूनमधून इस्पितळात येत, त्यांनी आणि अक्कांनी मिळून ठरवलं की आता वाट बघण्यात अर्थ नाही. हाताच्या पुढच्या बाजूचे तीन स्नायू, ज्यांच्यावाचून काम अडणार नाही असे, त्यांची टोकं सोडवायची आणि मागच्या बाजूला नेऊन जोडायची. एक मनगटाला, एक बोटांना, एक अंगठ्याला. बाबूजी म्हणाले, "म्हणजे एका दुकानातला माणूस दुसऱ्या दुकानात बसवायचा." सर्जन म्हणाले, "मी बसवीन. पण काम शिकवणार देवरेबाई."

अंगठ्यासाठी जो स्नायू घ्यायचा तो मोठा गमतीचा. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं वाकवलं की मनगटाच्या मधोमध एक दोर तट्ट उभा राहतो, तो त्याचाच. पण हा स्नायू सगळ्यांना नसतो. मला आहे की नाही ते आधी बघायला हवं होतं. माझा अंगठा आत वळत होता, त्यामुळे कसंबसं जुळलं आणि दोर दिसला. अक्कांनी मग तिथे जमलेल्या आमच्या सगळ्या गोतावळ्याला रांगेत उभं करून करायला लावलं. आईला होता. बाबूजींना होता. माझ्या मोठ्या भावाच्या, जो घरातला सर्वांत दांडगा आणि एकटा गठाण उलटवणारा, त्याच्या दोन्ही मनगटांवर काहीच दिसेना. तो वरमला. अक्का म्हणाल्या, "तुझं काही अडलं का आजवर? नाही ना? म्हणूनच तर हा धाकट्याकडून उसना घेता येतो." भाऊ घरी आल्यावरही गुपचूप मनगट वाकवून बघताना मला दोनदा सापडला.

शस्त्रक्रिया झाली, प्लास्टर चढलं, उतरलं. मग शिकवणं सुरू झालं. यातली मेख अशी की स्नायू नव्या जागी गेला तरी त्याच्या डोक्यात जुनंच काम असतं. मनगटाला जोडलेला स्नायू आधी तळहात पालथा करायचा. म्हणून अक्का म्हणत, "तळहात पालथा कर," आणि मी पालथा करायला गेलो की मनगट वर येई. पहिल्यांदा ते वर आलं तेव्हा मी दचकलो. दुसऱ्याच कुणीतरी माझा हात उचलल्यासारखं झालं. बोटांचंही काही दिवसांत जमलं. राहिला अंगठा.

अक्का म्हणायच्या, "मनगट पुढे वाकव." मी वाकवायचो. मनगट वाके, अंगठा ढिम्म. "पुन्हा." पुन्हा ढिम्म. आठवडे गेले. त्यांनी मेणात हात बुडवून शेकला, विजेची पेटी लावली. पेटी लावली की अंगठा उडे, पेटी काढली की झोपे. सर्जन येऊन बघून गेले. म्हणाले, "आत दोर चिकटला असावा. पुढच्या खेपेला येईन तेव्हा उघडून बघू. सुटला तर ठीक." नाही सुटला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. बाबूजींनी त्याच संध्याकाळी मला गादीवर बसण्याबद्दल विचारलं, म्हणजे बाजारात न जाता दुकानात बसून हिशेब बघण्याबद्दल. फार हळुवारपणे विचारलं. ते हळुवारपण मला सहन झालं नाही.

अक्कांना सर्जनांचं पटलेलं नव्हतं. "चिकटला असता तर विजेनं हलला नसता," त्या म्हणाल्या. "दोर मोकळा आहे. त्याला हाक ऐकू जात नाही." पण हाक कशी मारायची ते त्यांनाही सापडत नव्हतं.

अक्कांची धाकटी बहीण पहूरला दिलेली होती. तिच्याकडे आल्या असता अक्का मुद्दाम वाट वाकडी करून बोदवडला आमच्या घरी आल्या. हात पाहिला. तेच. संध्याकाळ झाली म्हणून आई त्यांना आमच्या गल्लीतल्या राममंदिरात आरतीला घेऊन गेली, मीही गेलो. आरती झाली. पुजारी महाराज पळीनं चरणामृत देत होते. इतके दिवस मी हात मागे ठेवायचो, आईच माझ्या तोंडात पळी घालायची. त्या दिवशी प्लास्टर नव्हतं, पट्टी नव्हती, आणि हातानं लहानपणापासूनची सवय उचलली. मी डाव्या हाताचा आधार देऊन उजवा पुढे केला आणि तळहाताचा पसा केला.

अंगठा ताठ वर उभा राहिला.

पाणी त्या बाजूनं सगळं सांडून गेलं. मला काय झालं ते कळलंच नाही. महाराजांच्या मते मी देवाला ठेंगा दाखवत होतो. ते म्हणाले, "गोपाळ, अंगठा आत घे." दीड वर्ष ज्या अंगठ्याला बाहेर काढायला दोन जिल्ह्यांतली माणसं खपत होती, त्याला आत घ्यायला सांगणारा हा पहिलाच.

अक्कांनी कोपराखाली माझा हात घट्ट धरला होता. "महाराज, परत एकदा द्या," त्या म्हणाल्या. महाराजांनी दिलं. पसा केला, अंगठा वर, पाणी खाली. "आणखी एकदा." महाराज म्हणाले, "बाई, हे तीर्थ आहे, नळ नव्हे." मागे रांग तुंबली होती. कुणी चुळबुळत होतं, कुणी टाचा उंचावून बघत होतं. "महाराज," अक्का म्हणाल्या, "पाया पडते, आणखी एकदाच." महाराजांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पळी भरली. या वेळी अक्कांनी आईचा हात ओढून माझ्या हातावर ठेवला. कातडीखाली तो स्नायू उडी मारत होता. आई मटकन खाली बसली आणि रडू लागली. रांगेतल्या बायकांना वाटलं काहीतरी वाईट झालं.

देवळाच्या पायरीवर अक्कांनी मला सांगितलं. "माझं चुकलं रे. मी मनगट वाकव म्हणत होते. मनगट वाकवणारे दुसरे दणकट आहेत. हाक ऐकून ते धावून आले आणि हा मागे बसून राहिला. कुणी बोलावलंच नाही त्याला. याचं खास काम तळहाताचा खळगा करायचा. ते त्याला मी सांगितलं नाही, पुजाऱ्यानं सांगितलं." मग हळूच म्हणाल्या, "काय पण आहे, नाही?" आणि मला दिसलं की चूक झाल्याचं वाईट त्यांना वाटलं होतं खरं, पण त्याहून मोठं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं. लहान मुलं जत्रेत पाळण्याकडे मान वर करून बघतात, तशा त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

सर्जनांना पुन्हा उघडून बघावं लागलं नाही. घरी सकाळ-संध्याकाळ आई पळी घेऊन बसे. मग पळीशिवाय, नुसतं मनात चरणामृत आणून अंगठा उचलायला शिकलो. बाजारात पुन्हा जाऊ लागलो. चिमूट धरायची, ओढायचं, मनात चरणामृत घ्यायचं, अंगठा सुटायचा, पुन्हा धरायचं. एका गाडीला इतका वेळ लागे की दुसरे व्यापारी बोली लावून मोकळे होत. अडत्ये हसत. पण बाबूजींनी गादीची गोष्ट पुन्हा काढली नाही.

असा एक हंगाम गेला. दुसऱ्या हंगामात जळगावच्या बाजारात एका गाडीपाशी कापूस बघत होतो. गाडीवान धुळ्याकडचा होता. तो एकाएकी म्हणाला, "शेठ, बठ्ठी गाडी इस्कटता का काय?" सगळी गाडी? मी खाली पाहिलं. माझ्या पायाशी ओढून टाकलेल्या पुंजक्यांचा ढीग पडला होता. इथून उचल, ओढ, टाक, तिथून उचल. किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. आणि त्या सगळ्या वेळात मी एकदाही चरणामृत मनात आणलं नव्हतं. धाग्याचा विचार करत होतो, भावाचा करत होतो. अंगठ्याचा केलाच नव्हता. मी तिथेच गाडीला टेकून उभा राहिलो. मग ती गाडी गाडीवानानं मागितलेल्या भावाला घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून धुळ्याला गेलो.

अक्का एका मुलाच्या पायाला पट्ट्या बांधत होत्या. ते झाल्यावर माझ्याकडे वळल्या. मी काही सांगायच्या आत म्हणाल्या, "डोळे मिट. अंगठा वर." वर झाला. "काय मनात आणलंस?"

"अंगठा," मी म्हणालो.

त्या उठल्या, माठातून फुलपात्रात पाणी घेतलं. "पसा कर." मी केला. त्यांनी तळहातावर पाणी ओतलं. अंगठा बोटांशेजारी शहाण्यासारखा पडून राहिला. एक थेंब सांडला नाही. अक्का माझ्या हातातल्या पाण्याकडे बघत स्टुलावर बसल्या. त्यांची बोटं माझ्या कोपराखाली होती, पण ती काही तपासत नव्हती, नुसती होती.

"हे मी शिकवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी त्याला जुन्या नावानं हाक मारायला शिकवलं. नवं नाव त्याचं त्यानं घेतलं. तुलाही न सांगता." चष्मा काढून त्यांनी पदरानं पुसला, उगीचच. "इतकी वर्षं करतेय मी हे. दर वेळेला वाटतं, आता कळलं. पी ते पाणी, किती वेळ धरशील."

मी प्यालो. थोडा वेळ बसलो. बाहेर रोगी खोळंबले होते. मी पाया पडलो, आणि दारात जाऊन, आपण सगळेच म्हणतो तसं, म्हणालो, "येतो, अक्का."

"येऊ नको," त्या म्हणाल्या. "मन्हाकडे तुन्हं आते काहीच काम नही." आणि पुढच्या बाईला हात करून बोलावलं.

मी त्यांचं ऐकलं. धुळ्याला अनेकदा गेलो, पण त्या इस्पितळाच्या बाजूला वळलो नाही. त्यांनी दिलेला तो सर्वांत मोठा आशीर्वाद होता आणि तो मोडायची मला भीती वाटे. काही वर्षांनी बाजारात नरडाण्याकडचा एक ओळखीचा अडत्या भेटला. अक्का नोकरी सोडून गावी राहायला आल्या होत्या आणि आदल्या रात्री झोपेतच गेल्या, असं तो सहज बोलता बोलता म्हणाला. त्या दिवशी मात्र मी त्यांचं ऐकलं नाही. हातातला कापूस तसाच टाकून निघालो. पोचलो तेव्हा उचलायचीच तयारी होती. अंगणात गर्दी होती आणि त्या गर्दीतली पुष्कळ माणसं जराशी वेगळी चालत होती. कुणी गुडघा झटकून, कुणी पाऊल किंचित ओढून, पण आपापल्या पायांनी चालत होती. त्यांच्या भाच्यानं मला पुढे बोलावलं. मी खांदा दिला आणि तिरडीचा बांबू उजव्या हातानं धरला. मूठ घट्ट होती आणि मनगट वर होतं. स्मशानापर्यंत दुसरा कुणी बदली यायला बघत होता, त्याला मी बांबू दिला नाही.